मापात पाप? गाडीच्या डॅशबोर्डवरील ‘ॲव्हरेज’चा इतिहास

१/ गाडीच्या डॅशबोर्डवर एक छोटा आकडा सतत उजळलेला असतो: १८.४, १९.१, २०.३. एका लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर धावते, हे तो सांगतो. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा महाराष्ट्रात कोणत्याही गाडीविषयी हमखास विचारला जाणारा प्रश्न. त्याचे उत्तर आता खुद्द गाडीच देऊ लागली आहे. हा आकडा येतो कोठून, तो कितपत खरा असतो, आणि त्याचा खरेपणा तपासण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो? या तीन प्रश्नांमागे प्राचीन रोमपासून आजच्या युरोपपर्यंतचा इतिहास आहे. (थ्रेड)

२/ वरवर पाहता हिशेब प्राथमिक शाळेतला आहे. कापलेले अंतर भागिले जळालेले इंधन. पण या भागाकारातील दोन्ही संख्या आधी मोजाव्या लागतात, आणि त्या मोजण्याचा इतिहास अगदी भिन्न आहे. अंतर मोजण्याची विद्या प्राचीन काळीच सिद्ध झाली. धावत्या गाडीत इंधन मोजण्याची विद्या मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, आणि आजही बहुतेक गाड्यांत इंधन प्रत्यक्ष ‘मोजले’ जात नाही. त्याचा हिशेब मांडला जातो. हा फरक ध्यानात ठेवला, तर पुढची सारी कथा उलगडते.

३/ इसवीसनपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या खंडात एका यंत्राचे वर्णन केले आहे. रथाच्या चाकाचा घेर साडेबारा फूट. असे ४०० फेरे झाले की ५,००० फूट, म्हणजे एक रोमन मैल. चाकाला जोडलेली दातेरी चक्रे हे फेरे मोजत आणि मैल पूर्ण झाला की एक गोल खडा खालच्या भांड्यात खणकन पडे. मुक्कामी पोहोचल्यावर खडे मोजले की प्रवासाचे मैल कळत. आजच्या गाडीतील अंतरमापकाचे, म्हणजे ओडोमीटरचे, तत्त्व हेच आहे.

४/ या मोजणीची गरज का भासे, याचे उत्तर १८४७ सालच्या अमेरिकेत मिळते. पश्चिमेकडे निघालेल्या मॉर्मन स्थलांतरितांच्या तांड्यात विल्यम क्लेटन नावाचा नोंदी ठेवणारा गृहस्थ होता. दिवसभरात किती वाटचाल झाली याचे सोबत्यांचे अंदाज त्याला नेहमी फुगलेले वाटत. त्याने गाडीच्या चाकाचा घेर मोजला: १४ फूट ८ इंच. म्हणजे बरोबर ३६० फेऱ्यांना एक मैल. मग चाकाला लाल कापडाची पट्टी बांधून तो चालता चालता फेरे मोजत राहिला. पुढे तांड्यातील ॲपलटन हार्मन याने त्यासाठी लाकडी यंत्रच तयार केले. थकलेल्या माणसाला वाट लांब वाटते. चाकाला तसे काही वाटत नाही.

५/ चाकालाही मात्र एक व्याधी आहे: ते झिजते. नव्या टायरवरील खाचांची खोली साधारण ८ मिलिमीटर असते, १.६ मिलिमीटर उरली की टायर बाद समजला जातो. चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर धरली, तर या झिजेने ती सुमारे २ टक्क्यांनी घटते. घेर घटला की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात, आणि फेरे मोजणारे यंत्र जास्त किलोमीटर दाखवते. अंतर फुगले की ॲव्हरेजही फुगते. इंधनाचा एक थेंबही वाचलेला नसताना जुन्या टायरांवर गाडी ‘सुधारल्या’सारखी दिसते.

६/ येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वेगमापक जास्त वेग दाखवतो, म्हणून अंतरमापकही तेवढाच चुकतो, असे अनेकांना वाटते. वेगमापकाचे आधिक्य हेतुपुरस्सर असते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या विनियमानुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखवण्यास मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढी मुभा आहे. अंतरमापक निराळा हिशेब करतो. वेगाचा काटा ताशी १०५ किलोमीटर दाखवत असताना गाडी १०० ने धावत असू शकते आणि अंतराची नोंद तरीही बरोबर असू शकते.

७/ आता इंधनाकडे वळू. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीत इंधनाचा काटाच नव्हता. टाकी आसनाखाली असे. आसन उचलायचे, झाकण काढायचे, लाकडी पट्टी आत बुडवायची आणि ती कोठवर भिजली ते पाहायचे. नंतर टाकीत तरंगता गोळा व डॅशबोर्डवर काटा आला. पण तो टाकी भरलेली आहे की रिकामी होत आली आहे एवढेच सांगे. उतारावर गाडी उभी केली तरी तो हले. किती लिटर जळाले, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

८/ म्हणून सामान्य माणसाने आपली पद्धत शोधली: टाकी फुल ते टाकी फुल. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरची नोंद करायची, गाडी चालवायची, पुन्हा टाकी फुल करायची. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले, तितके जळाले. या पद्धतीचे सौंदर्य असे की त्यात गाडीच्या कोणत्याही इंधनमापकावर विसंबावे लागत नाही. माप पंपाचे असते, आणि पंपाच्या मापावर कायद्याची नजर असते. आपल्याकडे वैधमापन शास्त्र विभाग पाच लिटरच्या प्रमाणित मापाने पंप तपासतो आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का, एवढीच चूक चालवून घेतली जाते. हे माप ग्राहकालाही मागता येते.

९/ तरीही एकाच भरण्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा असतो. पंपाची नळी एकदा लवकर बंद पडते, एकदा उशिरा. ३५ लिटरच्या भरण्यात एका लिटरचा फरक पडला, तर चूक जवळजवळ ३ टक्के. पण सलग दहा भरणी नोंदवली तर? मधल्या प्रत्येक वेळी जे कमी भरले गेले, ते पुढच्या वेळी भरून निघते. चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची. ३५० लिटरमध्ये एक लिटर म्हणजे ०.३ टक्का. साधी वही संयमाच्या बळावर अशी अचूक होत जाते. टायरच्या झिजेचा दोष तेवढा तिच्यातही राहतो. तो महामार्गावरील किलोमीटरचे दगड मोजून पडताळता येतो.

१०/ कंपन्यांना मात्र वहीपेक्षा जाहिरात प्रिय होती. १९३६ साली गिलमोर ऑइल कंपनीने लॉस एंजेलिस ते योसेमिती अशी इंधनबचतीची शर्यत भरवली. पुढे ती ‘मोबिल इकॉनॉमी रन’ म्हणून गाजली आणि महायुद्धामुळे पडलेला खंड वगळता १९६८ पर्यंत चालली. गाडीत निरीक्षक बसत, इंधन काटेकोर मोजले जाई. माप प्रामाणिक होते. पण चाक हाती धरणारे चालक निष्णात होते; त्यांनी काढलेला आकडा सामान्य घरातल्या गाडीला क्वचितच गाठता येई. माप खरे असूनही आकडा फसवा ठरू शकतो, हा धडा तेव्हाच मिळाला.

११/ ऑक्टोबर १९७३. अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेवर तेलबंदी लादली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. पंपांवर रांगा लागल्या. स्वस्त इंधनावर वाढलेल्या समाजाला ॲव्हरेजची आठवण प्रथमच इतक्या तीव्रतेने झाली. १९७५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ऊर्जा धोरण व संवर्धन कायदा केला आणि प्रत्येक कंपनीच्या ताफ्याच्या सरासरी इंधनक्षमतेला किमान मर्यादा घातली: १९७८ च्या मोटारींसाठी गॅलनला १८ मैल, १९८५ साठी साडेसत्तावीस. ॲव्हरेज ही घरगुती चौकशी होती. आता ती राज्यकारभाराची बाब झाली.

१२/ कायदा आला की मोजणीची पद्धत ठरवावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, गाडी प्रयोगशाळेत आणली. चाके रुळांवर फिरतात, गाडी जागची हलत नाही आणि चालक पडद्यावर दिसणाऱ्या आलेखाप्रमाणे वेग कमीजास्त करतो. यातील गंमत अशी की येथे इंधन मोजतच नाहीत, धूर मोजतात. धुराड्यातून बाहेर पडलेला सारा कार्बन इंधनातूनच आलेला असतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. धुरातील कार्बन मोजला की जळालेले पेट्रोल कळते. ही पद्धत अत्यंत अचूक आहे.

१३/ तरीही तक्रारी आल्या. गाडीवरील सरकारी पट्टीचा आकडा रस्त्यावर मिळत नव्हता. मोजमाप अचूक होते, पण मोजलेला प्रवास खरा नव्हता: प्रयोगशाळेत वारा नाही, चढ नाही, वातानुकूलन बंद, वेग मवाळ. अखेर १९८५ च्या मॉडेलांपासून ईपीएने शहरातील आकडा १० टक्क्यांनी आणि महामार्गावरील २२ टक्क्यांनी घटवून छापायला सुरुवात केली. २००८ च्या मॉडेलांपासून वेगवान चालवणे, थंडी आणि वातानुकूलन यांच्या चाचण्याही हिशेबात धरल्या गेल्या. सरकारने स्वतःच्या मोजणीतून वजावट करण्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

१४/ याच धामधुमीत गाडीला स्वतःचा हिशेबनीस मिळाला. १९७८ साली जनरल मोटर्सने कॅडिलॅक सेव्हिल या आलिशान गाडीत मोटोरोलाच्या सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारा ‘ट्रिप कॉम्प्युटर’ जादा सोय म्हणून देऊ केला. बटण दाबले की सरासरी इंधनवापर, उरलेल्या इंधनात किती अंतर जाता येईल, मुक्कामी केव्हा पोहोचाल, अशी माहिती आकड्यांत उजळे. घरोघरी संगणक पोहोचण्याच्या पुष्कळ आधी तो काही श्रीमंतांच्या डॅशबोर्डवर बसला होता. गणकयंत्राने काढलेला आकडा म्हणजे चूक असणे शक्य नाही, हा भावही त्याच्याबरोबर आला.

१५/ कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत हा हिशेब अवघड होता. कार्ब्युरेटर इंधन हवेच्या ओढीने खेचून घेतो. किती दिले याची नोंद ठेवत नाही. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या सुट्या उपकरणांत इंधनाच्या नळीत एक चिमुकली पंखी बसवत. प्रवाहाने ती फिरे, तिचे फेरे मोजले जात. पण काही गाड्यांत पंपाने पाठवलेल्या इंधनातील उरलेला भाग दुसऱ्या नळीने टाकीकडे परत जाई. तो वजा केला नाही तर हिशेब कोसळे. बुडबुडे आले तरी पंखी फिरे. रोमन खड्यांइतका सरळ असा उपाय द्रव पदार्थाला मिळत नव्हता.

१६/ वाट मोकळी केली ती इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शनने. जर्मनीच्या बॉश कंपनीची ‘डी-जेट्रॉनिक’ प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली. १९७९ मध्ये ‘मोट्रॉनिक’ने इंधन आणि ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच अंकीय पेटीकडे सोपवले. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी बारीक झडप. इंधनाचा दाब ठरलेला, छिद्र ठरलेले. म्हणजे झडप किती वेळ उघडी राहिली यावरून किती इंधन गेले ते काढता येते. हा वेळ नियंत्रक पेटी स्वतःच ठरवते. त्यामुळे इंधन मोजण्याची गरज उरली नाही. आज्ञांची बेरीज पुरेशी झाली.

१७/ उदाहरण घेऊ. चार सिलिंडरची गाडी ताशी ४८ किलोमीटर वेगाने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत आहे. प्रत्येक इंजेक्टर दर दोन फेऱ्यांना एकदा उघडतो, म्हणजे चौघे मिळून मिनिटाला ४,००० वेळा. प्रत्येक वेळी तीन सहस्रांश सेकंद उघडून तो एक शतांश मिलिलिटर पेट्रोल सोडतो असे धरा. मिनिटाला ४० मिलिलिटर, तासाला २.४ लिटर. ४८ भागिले २.४, उत्तर २०. डॅशबोर्डवर ‘२०.०’ असे शांतपणे दिसते. त्यामागे प्रत्येक मिनिटाला चार हजार नोंदी झालेल्या असतात.

१८/ याच जागी चूक शिरते. वीज मिळाली की झडप तत्क्षणी उघडत नाही. साधारण एक सहस्रांश सेकंदाचा उशीर होतो, आणि तो बॅटरीच्या दाबाप्रमाणे बदलतो. पेटी हा उशीर अंदाजाने वजा करते. तो अंदाज जरा चुकून इंधन ५ टक्क्यांनी कमी धरले गेले, की खऱ्या २० च्या जागी २१ दिसतात. छिद्रावर साचलेला मळ, पंपाचा दाब, इंधनाचे तापमान या साऱ्यांचा वाटा असतोच. पेट्रोल दर अंश सेल्सियसला सुमारे ०.१ टक्क्याने प्रसरण पावते. एक अंश कोणाच्या ध्यानात येत नाही; पण वीस अंशांचा फरक म्हणजे दोन टक्के.

१९/ मोटार-नियतकालिकांनी पंपावरील नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा डॅशबोर्डचे आकडे बहुधा काही टक्क्यांनी आशावादी निघाले. काही गाड्यांत मात्र ते अचूक, तर काहींत उलट कमी. एकाच दोषाने सगळ्या चुका होत असत्या तर त्या एकाच दिशेला झुकल्या असत्या. आणखी बोलका पुरावा खुद्द गाड्यांतच होता: बीएमडब्ल्यूच्या १९९० च्या दशकातील काही मॉडेलांच्या दर्शकात एक लपलेली यादी असे आणि तिच्यात इंधनवापराचा दुरुस्ती-गुणक. वहीतला हिशेब आणि पडद्यावरचा आकडा जुळेपर्यंत तो गुणक फिरवता येई. आपला आकडा वहीकडून दुरुस्त करून घ्यावा लागेल, याची जाणीव घडवणाऱ्यांनाही होती.

२०/ कधी चूक यंत्राची नसते, बघणाऱ्याची असते. शहरात १०० किलोमीटर गाडी लिटरला १० ने चालली आणि महामार्गावर १०० किलोमीटर २० ने चालली. सरासरी किती? पंधरा नव्हे. आधी १० लिटर जळाले, नंतर ५. २०० किलोमीटरला १५ लिटर, म्हणजे १३.३. युरोपात ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असा उलटा आकडा वापरतात, त्यात ही फसगत होत नाही. शिवाय गाडी सिग्नलला उभी असली तरी इंधन जळतच असते. त्या क्षणी तिचे ॲव्हरेज शून्य असते.

२१/ आता कथेतील मुख्य प्रकरण. युरोपातील प्रयोगशाळेची जुनी चाचणी, एनईडीसी, अवघी ११ किलोमीटरची आणि सुमारे वीस मिनिटांची होती. ‘आयसीसीटी’ या स्वतंत्र संशोधन संस्थेने तिचे आकडे आणि प्रत्यक्ष वापर यांतील तफावत वर्षानुवर्षे मोजली. २००१ च्या सुमारास ती सुमारे ८ टक्के होती. २०१० च्या दशकाच्या मध्यास ४० टक्क्यांच्या घरात गेली. गाड्यांनी कागदावर इंधन वाचवले, रस्त्यावर तितके वाचवले नाही. आणि हा पुरावा आला कोठून? मोठा भाग ‘श्प्रिटमॉनिटर’ या जर्मन संकेतस्थळावरून, जेथे सामान्य चालक आपापल्या भरण्यांच्या नोंदी चढवत. टाकी फुल ते टाकी फुल.

२२/ अमेरिकेतही पहिली शंका ग्राहकांनीच घेतली. ह्युंदाईच्या एका मॉडेलचे ॲव्हरेज मिळत नाही अशा तक्रारी ईपीएकडे आल्या. संस्थेने पुन्हा चाचण्या घेतल्या आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ह्युंदाई व किया यांना सुमारे ९ लाख गाड्यांवरील आकडे घटवावे लागले. गोम होती ती ‘घरंगळ’ चाचणीत: गाडी वेगात आणून न्यूट्रलमध्ये सोडतात, ती किती झपाट्याने मंदावते यावरून हवेचा व टायरचा विरोध काढतात आणि तोच विरोध प्रयोगशाळेतील रुळांना देतात. तेथे विरोध कमी नोंदवला, की पुढची सारी अचूक मोजणी चुकीच्या पायावर उभी राहते. २०१४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी १० कोटी डॉलरचा दिवाणी दंड मान्य केला.

२३/ जपानमध्ये हीच गोम निराळ्या वाटेने उघड झाली. मित्सुबिशी कंपनी निसानसाठीही छोट्या गाड्या बनवत असे. नव्या गाडीची आखणी करताना निसानच्या अभियंत्यांनी स्वतः मोजमाप केले आणि ते दिलेल्या माहितीशी जुळेना. एप्रिल २०१६ मध्ये मित्सुबिशीने कबूल केले की ६ लाख २५ हजार गाड्यांच्या चाचणीत विरोधाची माहिती फेरफार करून दिली होती. त्याआधी काही महिने, सप्टेंबर २०१५ मध्ये, फोक्सवॅगनचे डिझेल-प्रकरण फुटले होते. ते धुरातील विषारी वायूंचे होते, ॲव्हरेजचे नव्हे. पण त्याने प्रयोगशाळेच्या आकड्यावरील भरवसा उडवला.

२४/ मग युरोपने एक अनपेक्षित साक्षीदार बोलावला: गाडीतलाच हिशेबनीस. १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल, डिझेल व प्लग-इन हायब्रिड मोटारींनी आपल्या जन्मापासूनचे अंतर आणि इंधन यांची नोंद आत साठवणे बंधनकारक झाले. आणि ती नोंद खऱ्या वापरापासून ५ टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये. १९७८ साली श्रीमंतांची हौस म्हणून आलेल्या उपकरणावर चार दशकांनी कायद्याने खरेपणाची अट घातली. मालकाने हरकत घेतली नाही, तर या नोंदी सरकारकडे गोळा होतात.

२५/ मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने २०२१ साली नोंदलेल्या सहा लाखांहून अधिक वाहनांच्या या नोंदी मांडल्या. नव्या, अधिक कठोर प्रयोगशाळा-चाचणीच्या तुलनेतही पेट्रोल मोटारी रस्त्यावर सुमारे २४ टक्के आणि डिझेल मोटारी सुमारे १८ टक्के जास्त इंधन पीत होत्या. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा वापर तर कागदावरील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. कारण चाचणीने गृहीत धरले होते तितक्या वेळा त्या विजेवर चालवल्याच जात नव्हत्या. करसवलती मात्र कागदावरील आकड्यावर दिल्या गेल्या होत्या.

२६/ येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. पाच टक्क्यांची अट गाडीच्या आत साठवलेल्या नोंदीला आहे. डॅशबोर्डच्या काचेवर चालकाला दिसणाऱ्या आकड्याला नाही. सरकारला द्यायचा हिशेब आणि मालकाला दाखवायचा हिशेब एकाच पेटीतून निघतात, पण तपासणी होते ती पहिल्याची. म्हणजे साक्षीदार न्यायालयात शपथेवर बोलतो. घरी गप्पा मारताना ती शपथ त्याला लागू नसते.

२७/ या इतिहासाचा एक धागा पुण्याला पोहोचतो. वेताळ टेकडीच्या परिसरातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ‘एआरएआय’, ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था. जाहिरातींत झळकणारे ‘एआरएआय प्रमाणित मायलेज’ ते हेच. त्यासाठी वापरलेले सुधारित भारतीय चालनचक्र युरोपच्या जुन्या एनईडीसीच्याच घाटाचे. कमाल वेग मात्र ताशी ९० किलोमीटरवर थांबवलेला. त्यामुळे तो आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यास उपयोगी आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर वातानुकूलन चालू ठेवून जाणाऱ्या कुटुंबाचा खर्च सांगण्यासाठी तो बेतलेलाच नाही.

२८/ आज हा प्रश्न नव्याने पेटला आहे तो इथेनॉलमुळे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिश्रणाने, म्हणजे ई-२० ने, जुन्या धाटणीच्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नोंदला होता. इंजेक्टरच्या वेळेवर चालणारा डॅशबोर्ड ही घट बहुधा दाखवतो, कारण झडप जास्त वेळ उघडी राहते. पण हवा मोजून तिला शुद्ध पेट्रोलच्या १४.७ या गुणोत्तराने भागणारी स्वस्त जोड-उपकरणे फसतात. ई-२० चे गुणोत्तर सुमारे साडेतेरा आहे.

२९/ अशा वेळी वादात दोन्ही बाजू आकडे फेकतात आणि प्रत्येक जण आपल्या डॅशबोर्डचा फोटो दाखवतो. पण चूकच काही टक्क्यांची असणाऱ्या उपकरणाने काही टक्क्यांची घट सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही. त्यासाठी इंधन बदलण्याच्या आधीची आणि नंतरची, सलग भरण्यांची, त्याच गाडीची नोंद हवी. ती ज्याच्याकडे आहे, त्याचे बोलणे वजनदार. ज्याच्याकडे नाही, त्याला दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय उरत नाही.

३०/ विट्रुव्हियसच्या खड्यांपासून युरोपच्या कायद्यापर्यंत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्याला आकडा मोठा असल्याचा लाभ, त्याच्याच हाती माप राहिले, की आकडा हळूहळू मोठा होत जातो. त्यासाठी प्रत्येक वेळी कोणी लबाडी केलेलीच असते असे नाही. कोठे चाचणी मवाळ होती, कोठे चालक निष्णात, कोठे टायर झिजलेले. दुरुस्ती मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्या स्वतंत्र मापाने झाली: क्लेटनच्या लाल पट्टीने, निसानच्या अभियंत्यांनी, श्प्रिटमॉनिटरवरील अनोळखी चालकांनी. पंपाची पावती, त्यावर लिहिलेले किलोमीटर आणि दहा भरण्यांचा धीर, एवढ्या सामग्रीवर हे माप आजही कोणालाही आपल्या हाती घेता येते.